वाडीतले जुने बुडखे: काढायचे की कुजू द्यायचे?

पुळणवाडी

मंडळी, श्रीवर्धन तालुक्यात २२ गुंठ्यांची वाडी आहे. खालचा भाग पुळणीचा, म्हणजे रेताड, घरामागे जमीन चढते तिथे जांभा. जून २०२० च्या निसर्ग वादळात पडलेली झाडं तेव्हा वरून कापून नेली, बुडखे जागच्या जागी राहिले. नंतर आणखी काही झाडं तोडली. आजची मोजदाद अशी:

माडाचे ७. त्यातले ५ वादळातले, २ गेल्या दिवाळीत तोडलेल्या माडांचे. उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंत.
पोफळीचे पंधराएक, बहुतेक जमिनीलगत.
हापूसच्या जुन्या कलमाचा १, घराच्या जोत्यापासून ८ फुटांवर, घेर साडेपाच फूट. एका बाजूने धुमारे आलेत.
काजूचे ३, वरच्या भरडीवर (जांभ्याच्या चढावर).
विहिरीच्या चिऱ्यांत उगवलेला उंबर, मनगटाहून जाड. दोनदा तोडला, पुन्हा फुटतो.

उभे माड ३१ आणि पोफळी शंभरावर. येत्या पावसात रिकाम्या जागी माड आणि मधे जायफळ लावायचं आहे. आत यायला ५ फुटी पाखाडी (दगडी पायवाट), दोन्ही बाजूंना गडगा (दगडी कुंपण), त्यामुळे मोठा जेसीबी येणार नाही. कोणी सांगतं मीठ घाला, कोणी म्हणतं जाळा, कोणी म्हणतं राहू द्या, खत होईल. सगळे काढायलाच हवेत का? आधी कोणते, कोणत्या महिन्यात आणि कशाने?

भिरूड

सगळे नाही. पण माडाचे आणि काजूचे कुजू देऊ नका, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

माडाचं लाकूड बाहेरून टणक, आतून मऊ. त्यामुळे बुडखा मधून आधी कुजतो आणि वर कडा, आत भुसा असं ओलं पातेलं तयार होतं. माडाचा कोवळा शेंडा खाणाऱ्या गेंड्या भुंग्याची मादी अंडी घालायला अशीच जागा शोधते. अंड्यापासून भुंगा बाहेर पडेपर्यंत साधारण ४ ते ६ महिने लागतात. हा सगळा काळ तो बुडख्यात किंवा शेणखतात असतो आणि माडावर फक्त खायला जातो. म्हणजे माडाच्या शेंड्यात औषध टाकत राहायचं आणि खाली बुडखे तसेच ठेवायचे, हे गळक्या होडीतलं पाणी उपसण्यासारखं आहे. तुमच्या ३१ माडांच्या नव्या झावळ्या बघा. पात्यांना कात्रीने त्रिकोणी तुकडे कापल्यासारखे काप दिसले आणि शेंड्याच्या बेचक्यात चावलेला चोथा असला, तर भुंगा तुमच्याच वाडीत वाढतो आहे असं समजा. त्याने पाडलेल्या भोकातून पुढे माड आतून पोखरणारा सोंड्या भुंगा शिरतो. गेंड्याने माड सहसा मरत नाही, सोंड्याने मरतो.

वादळातल्या पाच बुडख्यांची आधी परीक्षा घ्या. मध्यभागी पहार मारा. ती वीतभर सहज आत गेली आणि बाहेर निघालेला भुसा तपकिरी, ओलसर, तंतुमय असला, तर तो बुडखा धोक्याचा. हाताने उकरा. अळी मिळाली तर ती इंग्रजी ‘सी’सारखी वाकडी, पांढरट, अंगठ्याएवढी जाड, डोकं तपकिरी, पुढे सहा पाय. ही गेंड्याची. भुशाऐवजी काळी भुसभुशीत माती निघाली आणि बोटांत तंतू लागले नाहीत, तर लाकूड संपलं आहे. तो सपाट करून टाका, खणत बसू नका. गेल्या दिवाळीतले दोन मात्र या पावसात कुजायला लागतील, म्हणून ते पहिले.

काजूचा शत्रू वेगळा. खोड आणि मूळ पोखरणारी अळी, जिला आपल्याकडे रोठा म्हणतात, ती मेलेल्या झाडाच्या बुंध्यात आणि मुळांतही वाढते आणि तिचा भुंगेरा शेजारच्या चांगल्या काजूवर जातो. बुडख्याच्या तळाशी साल सोला. भुशाने भरलेल्या नागमोडी वाटा आणि आत बिनपायांची पांढरी लांबट अळी दिसली, तर मोठ्या मुळांसकट काढा. साल कोरडी, वाटा नाहीत आणि आसपास उभा काजूच नाही, तर त्या तीन बुडख्यांत वेळ घालवू नका.

पोफळीचे पातळ असतात, दोन-तीन पावसांत विरतात. एकच अपवाद. बुडख्यावर किंवा जमिनीलगत तांबूस-तपकिरी, वरून लाख लावल्यासारखी चकचकीत, कानाच्या आकाराची आळंबी दिसली तर ती गॅनोडर्मा बुरशी. ती मुळांतून शेजारच्या पोफळीला आणि माडाला जाते. तसा बुडखा मुळांसकट काढून जाळा, भोवती ६० सेंमी खोल, ३० सेंमी रुंद चर मारा. आणि शिपण्याचा पाट त्या जागेवरून पुढच्या झाडाकडे जात असेल तर आधी तो वळवा. बरेच जण चर मारतात आणि पाट तसाच ठेवतात.

कोयता_पहार

पद्धतीबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट, कमरेएवढे बुडखे आधी जमिनीलगत कापून घेऊ नका. सगळे तीच चूक करतात. वरचं खोड हाच तुमचा दांडा. ४ फूट उंच बुडख्याला वरून ओढ दिली तर तो मुळापासून कलतो. कापून टाकला की खाली फक्त गड्डा उरतो आणि त्याला धरायला जागाच नसते.

माडाला सोटमूळ नसतं. गड्ड्याच्या तळातून आणि कडेने हजारो मुळं निघतात, प्रत्येक जेमतेम बोटाएवढं, आणि जवळपास सगळी एकाच जाडीची. म्हणून माड काढायला खोल जावं लागत नाही, भोवतीने कापत यावं लागतं. गड्ड्याच्या कडेपासून एक हात सोडून गोल चर घ्या, रुंदी २ फूट, खोली अडीच फूट. पुळणीत चराची कड ढासळते, म्हणून बाहेरची बाजू उतरती ठेवा आणि माती कडेपासून ३ फूट लांब टाका. मुळं दिसली की चपट्या टोकाच्या पहारीने उभ्या घावात तोडत जा. कुऱ्हाड इथे वापरू नका, एका दुपारीत धार जाते. सगळीकडून मोकळा झाला की एका बाजूने तळाखाली अर्ध्यापर्यंत पोकळी करा आणि त्याच बाजूला ओढा.

ओढायला २ टनी चेन पुली पुरते. दुसरं टोक आंब्या-फणसाच्या बुंध्याला जमिनीलगत, खाली पोत्यांची घडी घालून. पोफळीला कधीच बांधू नका, ती मोडते. उभ्या माडाला बांधलं तर सालीत खाच पडते आणि खाच म्हणजे सोंड्याला आमंत्रण. नायलॉनचा दोर नको. तो आधी ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो. साखळी किंवा वायर रोप घ्या, आणि ओढीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

वादळातले जुने बुडखे ओढून निघणार नाहीत, मधेच तुटतील. ते जागच्या जागी फोडा. वरून पहारीने चार फाका पाडा, फटीत लोखंडी पाचर ठोका, तुकडे बाहेर काढा. कडेचं लाकूड काळ्या तंतूंचं आणि चिवट असतं, पण मधे काही उरलेलं नसल्यामुळे ते आतल्या बाजूला कोसळतं. कटर मशीन लावणार असाल तर खोड आधी तारेच्या ब्रशने घासा. पुळणीतली रेती सालीत बसलेली असते, चेन लगेच बोथट होते.

मजुरी नगावर ठरवा, रोजावर नको. ताजा माडाचा बुडखा दोन माणसांना एक दिवस खातो, कुजलेला अर्धा दिवस. आणि निघालेल्या तुकड्यांचं काय करायचं ते आधी ठरवा. गड्डा उपटून कुंपणाला लावून ठेवला तर नुसता बुडखा उभ्याचा आडवा केला.

झावळ

कोयता_पहार यांचं सगळं मान्य, पण मी असतो तर आधी मुळांची अंतरं मोजली असती. चालू माडाची कामाची मुळं खोडापासून साधारण २ मीटरच्या आत असतात. काढायचा बुडखा उभ्या माडापासून ८-९ फुटांवर असेल तर त्या बाजूचा चर माडाची मुळंही तोडणार. एका वर्षी अर्धाच चर घ्या, माडाकडची बाजू तशीच ठेवा आणि बुडखा फोडून काढा. एकाच बाजूची मुळं गेलेला माड पुढच्या वादळात कुठे कलंडेल ते सांगायला ज्योतिषी नको.

मीठ घालायचा सल्ला कुणी दिला? मिठाने आपण कैरी टिकवतो, कुजवत नाही. बुडखा मेलेलाच आहे, त्याला मारायचं काय! लाकूड कुजायला बुरशी लागते आणि मीठ बुरशीलाच थोपवतं. माड खारं पाणी सोसतो म्हणून त्याच्या आळ्यात मीठ टाकलेलं चालतं. जायफळाला आणि मिरीला नाही चालत. त्यातून तुमची खालची वाडी पुळणीची, दोन पावसांत ते मीठ विहिरीत.

जाळण्याबद्दल. उभा बुडखा जागेवर पेटवला की ज्वाळा विझते, पण गड्डा आतल्या आत काही दिवस धुमसतो. आग मुळाच्या वाटेने जमिनीखाली सरकते आणि भलतीकडेच वर येते. फाल्गुन-चैत्रात वरच्या भरडीवरचं गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि वणवा. फोडून, वाळवून, न्हाणीच्या चुलीत जाळा. फक्त काजूचं आणि आंब्याचं ओलं लाकूड चुलीत घालू नका. दोन्हींचा चीक उततो, काहींना धुरानेही तोंड सुजतं. फोडताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हाताला खोबरेल.

पुळणवाडी

भरपूर मिळालं. आज परीक्षा घेतली. वादळातल्या पाचपैकी दोघांत काळी माती, तिघांत तपकिरी भुसा, आणि एकातून वाकड्या अळ्या निघाल्या, अकरा. पोफळीवर आळंबी नाही. काजूच्या एका बुडख्यात नागमोडी वाटा आहेत.

आता तीन शंका. कोणीतरी सुचवलं की बुडख्यात भोकं पाडून शेणकाला आणि युरिया भरून वर प्लास्टिक टाकलं की लवकर कुजतो. ते करू का? जोत्याजवळच्या आंब्याचं काय? आणि उंबर?

भिरूड

शेणकाला माडाच्या बुडख्यात नकोच! कुजका माड अधिक शेण अधिक ओलावा म्हणजे गेंड्याच्या बाळंतपणाची खोली. आंब्याच्या मेलेल्या बुडख्यात चालेल: १ इंची गिरमिटाने ८-१० इंच खोल भोकं, दोन भोकांत चार बोटं अंतर, युरिया भरून पाणी, वर ओली पोती. तरी दोन-तीन वर्षं धरा. तुमचा आंबा मात्र जिवंत आहे, त्याला हे लागू नाही.

त्या अकरा अळ्या कोंबड्यांना घाला, नसतील तर साबणाच्या पाण्यात. नुसत्या उन्हात टाकून निघून जाऊ नका, त्या मातीत शिरतात. उरलेला भुसा पसरून दोन दिवस कडक ऊन द्या. शेणखताचा खड्डाही एकदा उकरून बघा. बुडखे काढल्यावर मादी तिथेच जाणार. तिथे मेटारायझियम या अळ्या मारणाऱ्या बुरशीची पावडर पाकिटावरच्या प्रमाणात, संध्याकाळी, खत ओलं असताना मिसळा. उन्हात आणि कोरड्या खतात ती वाया जाते.

चिरा_चुना

आंबा आणि उंबर दोन्ही बांधकामाचे प्रश्न आहेत, शेतीचे नाहीत.

आठ फुटांवरच्या, साडेपाच फूट घेराच्या आंब्याची मुळं जोत्याखाली गेलेली आहेत असंच धरा. तो ओढून काढायचा नाही. जोत्याच्या चिऱ्याखालचं मूळ ताणलं गेलं की चिरा उचलतो, भिंतीत जिन्यासारखी पायरी-पायरीने चीर जाते. काढायचाच असेल तर आधी घराच्या बाजूला, जोत्यापासून ३ फूट सोडून सरळ चर घ्या, दिसतील ती मुळं करवतीने कापा, घाव घालून नाही. मग बुडखा घराच्या उलट दिशेला. जोत्याखालची तोडलेली मुळं तिथेच राहतील, त्यांची तोंडं मातीने ठासून बंद करा. ती मुळं कुजली की त्यांच्या नळ्या होतात, आणि पावसात पागोळ्यांचं पाणी त्या नळ्यांतून थेट जोत्याखाली जातं. घुशीलाही तीच वाट. वाळवीच्या मातीच्या नळ्या जोत्यावर चढताना दिसल्या तर मात्र थांबू नका, बुडखा काढाच.

उंबराचं मूळ आता चिऱ्यांच्या सांध्यात शिरलं आहे, तेच चिऱ्यांना धरून आहे आणि तेच ढकलतही आहे. उपटलात तर दोन-चार चिरे बरोबर येतील, आणि विहिरीत पडलेला चिरा काढणं हे वेगळंच काम. उंबराला कुऱ्हाड लावायला गडी सहसा तयार होत नाहीत, दत्ताचं झाड. म्हणून लोक तो अर्धवट तोडतात आणि तो आणखी जोमाने फुटतो. तुमचंही तेच झालं असावं. सालीसकट चिऱ्याच्या पातळीला कापा. कापाच्या कडेची साल दोन बोटं रुंद सोला आणि जागा जाड काळ्या ताडपत्रीने आवळून बांधा. पुढे धुमारा बोटभर झाला की खुडायचा, पानं उघडू द्यायची नाहीत. दर पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात आठवड्याने. पानांनी साठवलं नाही की मूळ उपाशी राहतं. एक हुकलेला महिना म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण मेल्यावर मूळ वाळून सैल होतं, तेव्हा सांधा खरवडून चुना-सिमेंटचा माल भरा, त्याआधी नाही.

तणनाशक विहिरीच्या काठावर अजिबात नको. ग्लायफोसेटचा वापर तर केंद्राने २०२२ च्या अधिसूचनेने पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता ठेवला आहे.

रायवळ

थांबा, आंबा तोडायची घाई कशाला? धुमारे कुठून फुटलेत ते कोणीच विचारलं नाही.

बुडख्यावर कलमाचा सांधा शोधा. जुन्या कलमात जमिनीपासून वीत-दीड वीत वर सालीचा पोत बदलतो, खाली-वर जाडीत फरक दिसतो. धुमारा सांध्याच्या वरून असेल तर तो हापूसच. खालून असेल तर खुंटाचा, म्हणजे ज्यावर हापूस बांधला त्या रायवळ झाडाचा. नवी तांबूस पालवी चुरगळून वासावरून सांगणारे आहेत, पण सांधा बघणं जास्त खात्रीचं.

वरून असेल तर ३-४ जोमदार, वेगवेगळ्या दिशांचे धुमारे ठेवा, बाकीचे काढा, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. खालून असेल तर पेन्सिलीएवढा जाड झालेल्या कोवळ्या धुमाऱ्यावर पावसाळ्यात तिथेच मृदुकाष्ठ कलम बांधता येतं. मूळ तयार असल्यामुळे वाढ नव्या रोपापेक्षा वेगाने होते. मात्र चिरा_चुना यांचा मुद्दा खरा आहे. आठ फुटांवर मोठं झाड पुन्हा वाढवायचं तर दर वर्षी छाटून आटोक्यात ठेवावं लागेल. वाळवी नसेल आणि भिंतीला चीर नसेल तर मी ठेवीन.

तोडायचाच ठरला तर आंबा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. धुमारे असलेलं झाड जिवंत समजलं जाऊ शकतं, वन कार्यालयात विचारून मगच हात लावा.

झावळ

लावणीचं राहिलंच. काम दिवाळीच्या आसपास उरका. परतीचा पाऊस संपलेला असतो, जमीन अजून ओली. वैशाखात वरच्या भरडीवर जांभा असा तापतो की पहार ठणकन उडते. भर पावसात पुळणीतला खड्डा तुम्ही खणाल आणि पाणी भरेल. या वर्षी ते जमलं नसेल तर निदान दिवाळीतले दोन माडाचे बुडखे आणि अळ्यांचा एक मृगापूर्वी काढाच.

बुडख्याच्याच खड्ड्यात नवा माड लावू नका. मुळांचे तुकडे दोन-तीन वर्षं कुजत राहतात, माती बसते, रोप आळ्यासकट खाली जातं आणि गळ्याशी पाणी तुंबतं. खड्डा भरताना एक-एक फुटाचा थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मसाने ठोकणं, वर वीतभर उंच ढीग. तो पावसात बसून सपाट होतो. नवा खड्डा तिथून किमान दीड मीटर बाजूला, १ मीटर लांब, रुंद आणि खोल. त्यात चांगली माती, ४-५ घमेली शेणखत, दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट. शेणखत पूर्ण कुजलेलं आणि अळ्या बघून घेतलेलं. माडामाडात साडेसात मीटर धरा, जायफळ चार माडांच्या बरोबर मधे. त्याला सावली लागते, म्हणून ते लगेच लावू नका. आधी माड, मधे केळी, आणि केळीची सावली पडली की जायफळ.

पुळणवाडी

ठरलं. माडाचे तीन मृगापूर्वी, बाकी दिवाळीला, काजूचा एक मुळांसकट, आंबा सांधा बघून. पोफळीला हात नाही. पहार बाजारात साडेतीन फुटी आणि पाच फुटी दिसल्या, कोणती घेऊ?

कोयता_पहार

पाच फुटी. एक टोक चपटं, चार बोटं रुंद, लोहाराकडून पाणी देऊन घ्या. गोल टोकदार घेतलीत तर ती माडाच्या मुळांत घुसते, तोडत नाही, आणि बाहेर काढायला दुसरी पहार लागते.